एफबीआयला पाठवायचं ठशांचं कार्ड: भारतात बसून करताना

मुळाकाठ
अमेरिकेत नोकरी-शिक्षण करून परत आलेले आणि आता कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) अर्ज करणारे बरेच जण इथे एकच प्रश्न विचारतात: अमेरिकेत गुन्ह्याची नोंद आहे की नाही हे सांगणारं एफबीआयचं प्रमाणपत्र भारतातून कसं मागवायचं? उत्तरं चार धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून एकत्र लिहितो. चुका दिसल्या तर दुरुस्त करा.

कागदाचं अधिकृत नाव 'आयडेंटिटी हिस्टरी समरी'. फी माणशी १८ डॉलर. एफबीआयच्या ईडीओ नावाच्या पोर्टलवर (ईडीओ डॉट सीजेआयएस डॉट जीओव्ही) ऑर्डर नोंदवायची, कार्डाने पैसे भरायचे, ईमेलवर पुष्टी येते. ती छापायची आणि शाईने घेतलेल्या ठशांच्या कार्डासोबत वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला पाठवायची. पत्ता पुष्टीच्या ईमेलमध्येच असतो. नवरा-बायको दोघांचं हवं असेल तर ऑर्डरी दोन, पुष्टीचे कागद दोन.

कार्ड म्हणजे एफडी-११६४ हा फॉर्म. एफबीआयच्या साइटवरून उतरवून घरच्या प्रिंटरवर छापलेला चालतो, साधा पांढरा कागदही चालतो. एफडी-२५८ हे जाड, निळ्या रेघांचं छापील कार्ड कुणाकडे असेल तर तेही चालतं, पण त्यासाठी अडून बसू नका.

छपाईत पहिली गफलत होते. फॉर्म अमेरिकन लेटर आकाराचा, आपला कागद ए-४. प्रिंटर आपणहून 'पानात बसवा' निवडतो आणि सगळे चौकोन आक्रसतात. 'मूळ आकार' किंवा १०० टक्के निवडा. ए-४ थोडा अरुंद आहे, पण ठशांचा भाग ८ इंच रुंद म्हणजे २०३ मिमी आहे, २१० मिमीच्या कागदावर तो बसतो. छापल्यावर पट्टी लावून बघा: एका बोटाचा चौकोन १.६ बाय १.५ इंच, म्हणजे साधारण ४० बाय ३८ मिमी भरला पाहिजे. ३७ मिमी भरला तर फॉर्म फेकून पुन्हा छापा. अंगठा मोठा असलेल्या माणसाचा ठसा लहान चौकोनात मावत नाही आणि कडा शेजारच्या चौकोनात घुसतात.

कागद झेरॉक्सचा ७५ जीएसएम नको, शाई धाग्याधाग्याने पसरते. १०० किंवा त्याहून जाड, खरखरीत नसलेला पण चकचकीतही नसलेला घ्या. फोटोपेपरवर शाई सुकतच नाही. छपाई लेझर प्रिंटरवर करा, इंकजेटच्या रेघा ओल्या हाताने फिसकटतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: एकच संच पाठवू नका. त्याच बैठकीत दोन-तीन फॉर्म भरून घ्या आणि सगळे एकाच पाकिटात पाठवा. एकावरचा अनामिकेचा ठसा खराब निघाला तर दुसऱ्यावरचा उपयोगी पडतो. दुसरा कागद फुकट आहे, दुसरं आंतरराष्ट्रीय कुरिअर फुकट नाही.

टोरांटोकर
उत्तम धागा. कॅनडाच्या बाजूने वेळेचा हिशेब जोडतो, कारण लोक इथेच अडकतात.

गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. सध्या ज्या देशात राहता तिथलं प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं. पण जो देश सोडलात, त्याचं प्रमाणपत्र फक्त तिथून निघाल्यानंतरचं असलं की झालं.

म्हणजे २०२१ साली अमेरिका सोडलेल्या माणसाने आज एफबीआयचा कागद मागवला तर तो दोन वर्षांनीही चालेल, मध्ये पुन्हा सलग सहा महिने तिथे राहिला नाही तर. हे माहीत नसल्यामुळे लोक एक्स्प्रेस एंट्रीचं, म्हणजे कॅनडाच्या पीआरच्या ऑनलाइन निवडपद्धतीचं, निमंत्रण येईपर्यंत थांबतात. निमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात. त्यात ठसे, कुरिअर, प्रक्रिया आणि एखादा नकार बसवायचा म्हणजे जीव टांगणीला. प्रोफाइल टाकायच्या आधीच एफबीआयचं काम उरका.

भारताचं पीसीसी, म्हणजे इथलं पोलीस प्रमाणपत्र, वेगळं. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, फी ५०० रुपये, त्याला शाईचे ठसे लागत नाहीत. ते मात्र लवकर काढू नका, वरचा सहा महिन्यांचा नियम त्याला लागतो. आणि व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, कॅनडासाठी ८५ कॅनेडियन डॉलर भरून जे ठसे देता, त्यांचा एफबीआयशी काही संबंध नाही. तीन वेगळी कामं आहेत.

अनघा
दोन शंका. एफबीआयच्या यादीत खासगी कंपन्या आहेत, त्या दोन दिवसांत निकाल देतात असं दिसतं. त्यांच्याकडून का नको? आणि आधार केंद्रात ठशांचं चांगलं मशीन असतं, तिथून घेऊन पाठवता येतील का?

मुळाकाठ
अनघाताई, त्या कंपन्यांना चॅनेलर म्हणतात. त्यांची सेवा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी. एच-१बी, एफ-१, एल-१ अशा नोकरी-शिक्षणाच्या व्हिसावर राहून आलेल्यांना ती वाट बंद. पैसे भरताना काही साइट हे ठळकपणे विचारत नाहीत, म्हणून आधी वाचा.

आधारचं मशीन इथे कामाचं नाही. तिथे ठसे चार-चार-दोन पद्धतीने घेतात: उजवी चार बोटं, डावी चार, मग दोन्ही अंगठे, सगळे सपाट. एफबीआयला प्रत्येक बोट फिरवून घेतलेला ठसा हवा. शिवाय आधार कायद्याच्या कलम २९ नुसार मूळ बायोमेट्रिक माहिती कुणाला देताच येत नाही. केंद्रचालकाला विचारण्यात अर्थ नाही.

टेबलावरचा_रोलर
ठसे घेण्याच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून तंत्राबद्दल सविस्तर लिहितो. कार्ड नाकारलं जातं त्यामागे बहुतेक वेळा बोट नसतं, हात असतो. घेणाऱ्याचा.

कार्डावर दोन प्रकारचे ठसे आहेत. वरच्या दहा चौकोनांत रोल केलेले: पहिल्या ओळीत उजवा अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी (१ ते ५), दुसऱ्या ओळीत डाव्या हाताचे त्याच क्रमाने (६ ते १०). खालच्या पट्टीत प्लेन, म्हणजे सपाट दाबलेले: डावीकडे डाव्या हाताची चार बोटं एकत्र, मधे डावा आणि उजवा अंगठा, उजवीकडे उजव्या हाताची चार बोटं. खालची पट्टी शोभेची नाही. वरचे ठसे आपापल्या चौकोनात आहेत ना, हे खालच्या चार बोटांशी ताडून बघतात. वर मध्यमा आणि अनामिका अदलाबदल झाली तर इथे पकडलं जातं आणि कार्ड परत.

टेबल साधारण एक मीटर उंच हवं, म्हणजे कोपरापासून पुढचा हात जमिनीला समांतर राहतो. खुर्चीत बसवून ठसे घेऊ नका, मनगट वाकडं होतं. माणसाने टेबलापासून हातभर मागे, घेणाऱ्याच्या उजव्या बाजूला किंचित मागे उभं राहायचं आणि कार्डाकडे बघायचं नाही. बघणारा माणूस नकळत मदत करतो आणि मदत केली की ठसा घासतो. हात सैल सोडा एवढंच सांगा.

शाई काचेच्या पट्टीवर हरभऱ्याच्या डाळीएवढी घ्या, जास्त नाही. रबरी रोलरने ती सगळीकडे इतकी पातळ पसरा की काच काळी नाही, गडद करडी दिसेल. रोलर उचलून-उचलून उलटसुलट फिरवा, नाहीतर पट्टे राहतात. शाई बोटावर लावतानाही बोट फिरवूनच लावायचं, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि टोकापासून पहिल्या पेराच्या घडीखाली थोडं. शाई कमी पडलेली बाजू कार्डावर पांढरी येते.

मग कार्डावर. नियम एका ओळीत: अंगठा अंगाकडे, बोटं अंगाबाहेर. उजव्या हाताची बोटं डावीकडून उजवीकडे फिरतात, अंगठा उजवीकडून डावीकडे. डाव्या हाताचं उलट. असं का, तर हात अवघडलेल्या स्थितीतून मोकळ्या स्थितीकडे जातो आणि शेवटी बोट थरथरत नाही. एकदाच, एका वेगात, नखापासून नखापर्यंत. मागे फिरवायचं नाही. परत आणलं की एका रेषेवर दुसरी बसते आणि सगळा ठसा वाया. जोर लावायचा नाही, बोटाच्या वजनाएवढाच दाब. शेवटी सरळ वर उचला.

चांगला ठसा जवळजवळ चौकोनी दिसतो, लंबगोल नाही. लंबगोल म्हणजे फिरवलाच नाही, नुसता दाबला. चक्राच्या ठशात मधला गाभा आणि दोन्ही बाजूंचे डेल्टा, म्हणजे जिथे रेषा तीन दिशांना फुटतात ते त्रिकोण, तिन्ही दिसले पाहिजेत. शंखाच्या ठशात एक डेल्टा असतो. तो बोटाच्या अगदी कडेला असतो आणि अर्धवट फिरवण्यात नेमका तोच जातो. भिंगातून बघा: रेषा काळ्या आणि मधली जागा पांढरी हवी. मधली जागाही काळी झाली असेल तर शाई जास्त. रेषा ठिपक्याठिपक्यांच्या दिसत असतील तर शाई कमी किंवा त्वचा कोरडी.

ठाणेकर_स
काका, स्टॅम्प पॅड चालतो का? नोंदणी कार्यालयात अंगठा घेतात तो जांभळा.

टेबलावरचा_रोलर
नाही. जांभळी-निळी शाई पाण्याची असते, रेषांच्या मधल्या खाचेत उतरते आणि कागदात फुटते. दस्तावर अंगठा उठला एवढं तिथे पुरतं, रेषा मोजायच्या नसतात. इथे काळी, तेलकट, घट्ट छपाईची शाई हवी. छपाईसाहित्याच्या दुकानात लहान ट्यूब मिळते. ठशांसाठीच बनवलेला काळा कोरडा पॅड मिळाला तर काच-रोलरची गरज नाही, पण तोही आधी कोऱ्या कागदावर तपासा.

प्रत्येक बोट शाईआधी स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दहाही बोटं आधी पुसून ठेवू नका, पाचव्या बोटापर्यंत पहिलं पुन्हा घामेजतं. एक बोट पुसा, लगेच शाई, लगेच ठसा. शेवटी हात खोबरेल तेलाने चोळा, कापसाने पुसा, मग साबण.

पाटकर
फॉर्म भरण्यातल्या चुकांबद्दल. ठसे सुरेख आणि वरचा मजकूर चुकीचा, असंही होतं.

तारीख अमेरिकन पद्धतीने: आधी महिना, मग दिवस. ५ नोव्हेंबरला जन्मलेला माणूस आपल्या सवयीने ०५/११ लिहितो आणि त्याचा जन्म मे महिन्यात जातो. जन्म आणि ठसे घेतल्याची तारीख, दोन्ही जपा. ठसे घेणाऱ्या पोलिसाला हे आठवणीने सांगा, त्यांचा हात सवयीनेच चालतो.

जन्मस्थानात इंडिया पूर्ण लिहा. आय-एन हा संक्षेप तिकडे इंडियाना राज्याचा.

वंशाच्या रकान्यात 'ए' लिहायचं, एशियनसाठी. त्यांच्या संकेतात भारतीय त्यातच येतात. 'आय' म्हणजे मूळ अमेरिकन, अलास्कावासी. इंडियन म्हणून 'आय' लिहिणारे बरेच आहेत.

उंची तीन आकड्यांत: पाच फूट सहा इंच म्हणजे ५०६, आकडे इंग्रजीत. वजन पौंडात, ७० किलो म्हणजे १५४. डोळे बी-आर-ओ, केस बी-एल-के. सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर द्या, जुनी नोंद जुळवायला मदत होते.

एफडी-२५८ वापरत असाल तर ओआरआयचा रकाना कोरा सोडा, तो संस्थांसाठी आहे. कारण विचारलं असेल तिथे 'पर्सनल रिव्ह्यू'. सही ठसे घेणाऱ्यासमोर करा आणि त्याची सही, नाव, तारीख घ्या.

नाव पासपोर्टप्रमाणे, आधी आडनाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते पासपोर्टवर ज्या खान्यात असेल तिथेच ठेवा. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये दोन्ही एकत्र असतील तर दोन्ही लिहा. ईडीओच्या ऑर्डरवरचं आणि कार्डावरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे.

अनघा
लग्नानंतर नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदललं असेल तर?

पाटकर
मुख्य रकान्यात आत्ताच्या पासपोर्टवरचं पूर्ण नाव. 'एलियस'च्या रकान्यात लग्नाआधीचं पूर्ण नाव. 'एलियस' म्हटल्यावर गुन्हेगाराचं टोपणनाव वाटतं म्हणून लोक रिकामा सोडतात, पण त्याचा अर्थ फक्त 'दुसरी नावं' एवढाच. अमेरिकेत माहेरच्या नावाने व्हिसा घेतला असेल तर तो रकाना भरणं आवश्यकच समजा.

ठाणेकर_स
पोलीस ठाण्यात गेलं तर घेतात का ठसे?

मुळाकाठ
प्रत्येक ठाण्यात नाही. शहरात पोलीस आयुक्तालयात, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयात अंगुली मुद्रा विभागाबद्दल विचारायचं. राज्याचं अंगुली मुद्रा केंद्र पुण्याला सीआयडीत आहे. जाताना हे न्या: पासपोर्ट आणि त्याची प्रत, ईडीओची पुष्टी, छापलेले पाच-सहा कोरे फॉर्म आणि 'परदेशी पोलीस प्रमाणपत्रासाठी ठसे घेऊन मिळणेबाबत' असा मराठीत एक पानी अर्ज. अर्ज असला की साहेबांना त्यावर शेरा मारता येतो, नुसत्या तोंडी विनंतीवर कर्मचाऱ्याला काही करता येत नाही. शाईची ट्यूब आणि स्पिरिटही सोबत ठेवा.

पोलिसांनीच घ्यावेत असं बंधन नाही. शक्य असेल तर प्रशिक्षित माणसाकडून घ्या, एवढंच एफबीआय सांगतं. खासगी तज्ज्ञ घेणार असतील तर त्यांना हा धागा दाखवा. आणि जुन्या कार्डाची छायाप्रत चालत नाही. ठसे मूळ आणि १८ महिन्यांच्या आतले हवेत.

सीमोल्लंघन
आईचं वय ६९. मुलीकडे मुदतवाढ घेऊन सलग आठ महिने राहिली होती, त्यामुळे तिचाही कागद लागतोय. बायोमेट्रिक मशीनवर तिची बोटं कधीच उठत नाहीत. काय करायचं?

टेबलावरचा_रोलर
ताई, वयाने रेषा सपाट होतात, त्वचा कोरडी होते आणि बारीक आडव्या सुरकुत्या पडतात. मशीनला ते जमत नाही, पण शाईने पुष्कळदा जमतं. उलट करून बघायचं असतं: शाई नेहमीपेक्षा कमी आणि दाब अगदी हलका. लोक ठसा उठत नाही म्हणून शाई वाढवतात आणि दाबतात. त्याने उथळ रेषा आणखी बुजतात.

आठ-दहा दिवस आधीपासून तयारी करा. भांडी घासणं, पावडरचा साबण, ब्लीच, कांदा-लिंबू चिरणं यापासून हात लांब. रात्री हाताला साधं क्रीम किंवा तेल, पण ठशाच्या दिवशी सकाळपासून नाही. त्या दिवशी कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करा, मग प्रत्येक बोट तळव्याकडून टोकाकडे हलकं दोहल्यासारखं चोळा. रक्त टोकाकडे येतं आणि रेषा थोड्या उभ्या राहतात. फार कोरडं असेल तर क्रीमचा एक थेंब चोळून दोन मिनिटांनी पूर्ण पुसून घ्या. तीनऐवजी पाच संच घ्या आणि त्यांतले चांगले तीन पाठवा.

गवंडी, टाइल बसवणारे, सिमेंट हाताळणारे यांच्या बोटांच्या रेषा सिमेंटच्या क्षाराने झिजलेल्या असतात. पण त्वचा सतत नवी येत असते, काम काही आठवडे थांबवलं की रेषा परत दिसू लागतात. रेषांचा मूळ आराखडा आतल्या थरात असतो, वरचं झिजलं तरी तो पुसला जात नाही. कॅपेसिटाबिन नावाचं कर्करोगाचं औषध घेणाऱ्यांच्या तळहाताची त्वचा सोलवटते आणि ठसे जाऊ शकतात. तसं असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा.

बोट नसेल तर त्या चौकोनात 'ॲम्प्युटेटेड' लिहा, खालच्या प्लेन पट्टीतही. रिकामा चौकोन दिसला की ठसा घ्यायचा राहिला असं समजतात. बोटाला पट्टी असेल, कापलं-भाजलं असेल तर बरं होईपर्यंत थांबा. जुन्या व्रणाने काही बिघडत नाही.

अनघा
मेंदी?

टेबलावरचा_रोलर
शाईच्या ठशाला मेंदीचा रंग आड येत नाही, रेषांची उंची तीच राहते. पण मशीनवरच्या ठशांना गडद मेंदी त्रास देते आणि व्हीएफएसच्या सूचनांत बोटांच्या टोकांवर मेंदी नको असं स्पष्ट आहे. घरात लग्न असेल तर व्हीएफएसची तारीख आधीची घ्या किंवा टोकं सोडून मेंदी काढा.

इतिहासप्रेमी
थोडं विषयांतर, पण याच कार्डाशी नातं आहे. चौकोनांना १ ते १० आकडे आहेत, त्याचं मूळ कोलकात्यात. ठशांचं पहिलं केंद्र तिथे १८९७ साली सुरू झालं. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने पद्धत ओळखली जाते, पण तिचं गणित बसवणारे दोन भारतीय होते: अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस.

लहानपणी आपण बोटांवर किती शंख आणि किती चक्रं हे मोजतो ना, तीच मोजणी त्यांनी वर्गीकरणाला लावली. दहा बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, दुसरीत ८, मग ४, २, १. शंखाला शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक वर, विषम क्रमांकांची बेरीज अधिक एक खाली. ३२ गुणिले ३२, असे १०२४ गट झाले. लाखो कार्डांच्या ढिगात एक कार्ड शोधायचं तर नेमक्या कप्प्यात हात घालता आला. संगणक नसताना! आज शोध यंत्र करतं, पण बोटांचा क्रम तोच राहिला.

टेबलावरचा_रोलर
फार छान सांगितलंत. हक आणि बोस यांची नावं प्रशिक्षणात प्रत्येकाला कळली पाहिजेत.

बे_एरियातून
जे सध्या अमेरिकेतच आहेत किंवा फेरी होणार आहे त्यांच्यासाठी: ईडीओवर ऑर्डर केल्यावर ठरावीक पोस्ट ऑफिसांत जाऊन इलेक्ट्रॉनिक ठसे देता येतात. पोस्टाची फी ५० डॉलर, एफबीआयच्या १८ वेगळ्या. नागरिकत्वाची अट नाही, पण ऑर्डर आधी करून जा. शाई, कुरिअर सगळं वाचतं. आठवड्याभरासाठी कामाने येणाऱ्यानेही हे उरकून घ्यावं.

इथल्या नोकरी-परवान्याचे ठसे मात्र वेगळ्या वाटेने जातात. कॅलिफोर्नियात नर्सिंग, शिक्षक, पाळणाघर अशा परवान्यांना 'लाइव्ह स्कॅन', म्हणजे काचेवर मशीनने घेतलेले ठसे, लागतात. परवाना देणारी संस्था तुम्हाला बीसीआयए ८०१६ हा फॉर्म देते, त्यावर तिचा ओआरआय संकेत छापलेला असतो. इंटरनेटवरून दुसऱ्या संस्थेचा फॉर्म उतरवू नका. त्या संकेतानेच निकाल कुणाकडे जायचा ते ठरतं आणि एका संस्थेसाठी दिलेले ठसे दुसरीला चालत नाहीत. राज्याच्या न्यायखात्याची फी ३२ डॉलर, एफबीआयची १७, शिवाय ठसे घेणाऱ्या दुकानाची स्वतःची, ती दुकानागणिक बदलते, फोन करून विचारा. परत येताना फॉर्मची आपली प्रत घ्या आणि त्यावर एटीआय क्रमांक आहे ना ते तिथेच बघा. तो नसेल तर पुढे चौकशी कशाच्या आधारावर करणार?

निकाल थेट संस्थेकडे जातो, तुमच्याकडे नाही. दर्जा कमी म्हणून ठसे नाकारले तर पुन्हा द्यावे लागतात, दुसऱ्यांदाही नाकारले तर संस्थेला एफबीआयकडे नावावरून तपासणी मागता येते. दुसऱ्या नकारानंतर गप्प बसू नका, संस्थेला लिहा.

लाइव्ह स्कॅनची काच तुमच्या आधीच्या माणसाच्या घामाने डागाळलेली असेल तर त्याच्या ठशाची सावली तुमच्या ठशात उतरते. काच पुसायला सांगण्यात संकोच करू नका.

ठाणेकर_स
पाकीट कसं करायचं? आणि ठसा बिघडला तर सगळा फॉर्म नवा का?

मुळाकाठ
फॉर्म दुमडू नका. शाई किमान एक दिवस सुकू द्या, मग मधे पातळ कागद घालून दोन पुठ्ठ्यांत ठेवा. स्टेपल, टाचणी, पारदर्शक चिकटपट्टी, लॅमिनेशन काही नको. कार्ड परत मिळत नाही, म्हणून पाठवण्याआधी स्कॅन करून ठेवा, निदान काय पाठवलं ते लक्षात राहील. कुरिअरवाल्याला 'दस्तऐवज' सांगा आणि ट्रॅकिंग ठेवा.

टेबलावरचा_रोलर
बिघडलेल्या ठशावर पुन्हा बोट फिरवू नका. त्या चौकोनावर चिकटवायची कोरी पट्टी मिळते, तिला रीटॅब म्हणतात. एका चौकोनात दोनपर्यंत चालतात. पण घरी छापलेला फॉर्म असेल तर त्या पट्ट्या शोधत बसण्यापेक्षा नवा फॉर्म घ्या. वर पाच-सहा कोरे न्या असं लिहिलंय ते यासाठीच.

सीमोल्लंघन
निकालात काय लिहिलेलं असतं? नोंद नसेल तर कोरा कागद येतो का?

टोरांटोकर
कोरा नाही. दिलेल्या ठशांवरून एफबीआयकडे अटकेची पूर्वनोंद आढळली नाही, राज्य वा स्थानिक पातळीवर नोंद असू शकते, अशा अर्थाचं वाक्य असतं. दुसऱ्या भागाने घाबरू नका, तो सगळ्यांच्याच कागदावर असतो. कॅनडाला हाच कागद हवा असतो.

वेगमर्यादेच्या दंडाची पावती त्यात येत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडून ठसे घेतले असतील तर येते, पुढे खटला रद्द झाला तरी. अशा नोंदीपुढे निकाल लिहिलेला नसेल तर त्या न्यायालयाची प्रमाणित प्रत मागवा आणि एफबीआयकडे दुरुस्तीचा अर्ज करा. त्याला फी नाही, पण वेळ लागतो. कॅनडाच्या अर्जात मात्र ती नोंद लपवू नका, कागदपत्रांसह समजावून लिहा.

निकाल ईमेलवर दुवा आणि पिन अशा रूपात येतो. स्पॅम फोल्डर रोज बघा आणि दुवा उघडताच पीडीएफ उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवा. कॅनडासाठी ती पीडीएफ तशीच चढवा. ज्या देशांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी मोहोर, लागतं, उदाहरणार्थ स्पेन, त्यांच्यासाठी ते वॉशिंग्टनमधलं अमेरिकेचं परराष्ट्र खातं देतं. भारतातलं अपोस्टिल या कागदावर चालत नाही.

सीमोल्लंघन
आईची बोटं उद्यापासून भांड्यांपासून लांब. पाच फॉर्म १०० टक्क्यांवर छापले, चौकोन ४० मिमी भरतोय.

टेबलावरचा_रोलर
छान. करंगळ्या सर्वांत आधी कोऱ्या कागदावर करून बघा, वयस्कर माणसांच्या करंगळीलाच जास्त वेळ लागतो.